नवव्या नंबरचं कॉलेज

लाइन थांबली की काय होतं हे ज्यानं पाहिलं नाही, त्याला माझी भीती कळायची नाही.

मी चाकणला गाड्यांचे गिअरबॉक्स जोडणाऱ्या एका कंपनीत स्टोअरला आहे. अठरा वर्षं झाली. काम सांगायला सोपं आहे: जोडणीच्या लाइनवर कुठलाही भाग कमी पडू द्यायचा नाही. एक साधा वॉशर संपला तरी अख्खी लाइन उभी राहते, आणि मग शंभर माणसं हात झटकत स्टोअरच्या खिडकीकडे बघायला लागतात. मी नवीन असताना एकदा तसं झालं होतं, पाऊण तास. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. तेव्हापासून रोज सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये मोठे साहेब विचारतात, "मॅडम, आज लाइन थांबणार?" आणि मी म्हणते, "नाही सर." म्हणून झालं की जाऊन रॅक पुन्हा एकदा मोजते. लोकांना वाटतं बाई फार खंबीर आहे. खंबीर कसली, मेली भित्री भागूबाई आहे मी. फक्त माझी भीती कंपनीच्या कामाला येते म्हणून तिला शिस्त म्हणतात.

हीच भीती घेऊन मी लेकीच्या इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला बसले.

लेक सहावीत असताना मी तिला एक तुटका गिअर आणून दिला होता. भंगारातला, आणि गेटवर रीतसर पास करून आणलेला, नाहीतर म्हणाल बाई चोर आहे. वाटलं, कागदांवर ठेवायला होईल. तिनं तो हातात घेतला, दात जिथून तुटला होता तिथे डोळा लावला आणि म्हणाली, "मम्मी, याच्या आत साखर भरलीय का गं?" खरंच, तुटलेल्या जागी बारीक बारीक चमकत होतं. मी म्हटलं, जेव आधी. पण ही कसली ऐकतेय! दुसऱ्या दिवशी मला आमच्या कंपनीच्या लॅबमधल्या सरांना विचारून यावं लागलं. ते म्हणाले, हे लोखंडाचे कण असतात, आणि कसं तुटलंय यावरून का तुटलंय ते कळतं. झालं. तेव्हापासून दर आठवड्याला एक प्रश्न माझ्याबरोबर चाकणला जायचा आणि एक उत्तर मोशीला आमच्या घरी यायचं. बारावीपर्यंत तिचं ठरलं होतं, धातूंचं इंजिनिअरिंग. मेटलर्जी. सगळी दुनिया कॉम्प्युटरकडे धावत होती आणि ही भट्टीकडे.

सीईटीचा निकाल लागला. मार्क फार चांगले नाहीत, वाईटही नाहीत. मधले. मधले मार्क म्हणजे जिवाला घोर. वरच्यांना सगळं मिळतं, खालच्यांना काय मिळणार ते आधीच माहीत असतं, मधल्यांनी नुसतं टांगून राहायचं.

प्रवेशाची रीत अशी की आपल्याला हव्या त्या कॉलेजांची क्रमानं यादी करून ऑनलाइन द्यायची. पाहिजे तेवढी नावं टाका, शंभर टाका. मग मार्कांप्रमाणे एकेकाचा नंबर येतो आणि यादीतलं एक कॉलेज पदरात पडतं. आमच्या यादीत पहिलं नाव कुठलं, यावर वादच नव्हता. लॅबमधले सर जिथे शिकले ते सरकारी कॉलेज, पार विदर्भात. "मॅडम, मी चार वर्षांत तिथली भट्टी थंड झालेली पाहिली नाही," असं ते एकदा बोलून गेले होते. एवढं वाक्य लेकीला पुरलं.

पण नुसतं एक नाव टाकून कसं चालेल? तिथे नंबर लागला नाही तर? मग त्याच्यासारखी दुसरी कुठली? हे शोधणं आलं, आणि ते मात्र मला येत होतं. आमच्याकडे मूळ भाग आला नाही तर त्याच्या जागी कुठला चालेल याचा एक तक्ता असतो. डावीकडे मूळ भागाची मापं, उजवीकडे पर्यायाची. मापं जुळल्याशिवाय पर्याय लाइनवर जात नाही, मग सप्लायर कितीही गोड बोलो. मी एका वहीत तसाच तक्ता आखला. डावीकडे विदर्भातलं कॉलेज. मापं म्हणून मी लिहिलं: अंतर, हॉस्टेल, नोकऱ्या, फी. लेकीनं ते वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं: भट्टी चालू आहे का. मायक्रोस्कोपला मुलांना हात लावू देतात का. धातू शिकवणारे सर कायमचे आहेत का.

"हे काय गं?" मी विचारलं.

"सारखं म्हणजे कशात सारखं, ते आधी ठरवायला नको का?" ती म्हणाली. "तूच म्हणतेस ना, रंग बघू नये, माप बघावं."

आमच्या चाकणच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. रविवारी कंपनी चालू आणि गुरुवारी कॉलेज चालू, हे आमच्या पथ्यावर पडलं. तीन-चार गुरुवार आम्ही दोघी स्कूटीवरून हिंडलो. लांबच्या कॉलेजांची माहिती तिनं तिथल्या पोरांना फोन करकरून काढली, जवळची आम्ही स्वतः जाऊन पाहिली. मी सप्लायरकडे तपासणीला जाते तशीच गेले, न कळवता. चकाचक रिसेप्शनला भुलायचं नाही. आधी बाथरूम बघायचं, मग प्रयोगशाळेत जाऊन मशीनवर बोट फिरवायचं. धूळ लागली तर मशीन शोभेचं. तेल लागलं तर कामाचं. एका ठिकाणी लेकीच्या बोटाला काळं लागलं तर ती इतकी खूश झाली की तिथल्या मावशींनी फडकं दिलं ते घेईना.

आणि एक होतं आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. तिथे मेटलर्जी नव्हतीच, मेकॅनिकल होतं, पण भट्टी आहे असं माहितीपत्रकात छापलेलं. शिपायानं खोली उघडून दिली. भट्टीच्या तोंडावर स्नेहसंमेलनाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचल्या होत्या, वर कमानीची थर्माकोलची फुलं. लेकीनं एक फूल उचलून भट्टीच्या दारातून आत पाहिलं आणि म्हणाली, "नवीच आहे. पेटवलीच नाही." बाहेर आल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी वहीत शेरा मारला, माप जुळत नाही. पण गेल्या वर्षीचा कटऑफचा आकडा बघता तिथे तिचा नंबर हमखास लागणार होता, म्हणून यादीच्या तळाला, नववं, ते ठेवलं. "नुसती जागा भरायला," ती म्हणाली.

यादी झाली. वर विदर्भ, मग तिच्या मापाची सात, आणि शेवटी खुर्च्यांचं कॉलेज. ती शांत झाली. मी मात्र तिथून बिघडले.

घरमालकीण खालीच राहतात, मोशीच्या मूळच्या. जिन्यात भेटल्या की चौकशी. "नंबर लागंल ना गं पोरीचा? आमच्या भाच्याचं पोरगं लई हुशार हुतं, पर कुठंच न्हाई लागला नंबर. वरीसभर घरात बसलं. आता कुनाशी बोलत न्हाई बघ." त्यांनी मायेनंच सांगितलं, त्यांना काय दोष देऊ? पण ते वर्षभर घरात बसलेलं पोर माझ्या डोक्यात येऊन बसलं. भाजी चिरताना ते दिसायचं. बसमध्ये दिसायचं. त्याचा चेहरा हळूहळू माझ्या लेकीसारखा व्हायला लागला. कंपनीत मी गेल्या वर्षीचे आकडे फोनवर उघडायची, पुन्हा उघडायची. विदर्भातल्या कॉलेजचा आकडा आणि हिचा आकडा, मध्ये केसाएवढी फट. कधी वाटायचं मिळेल, कधी वाटायचं कुठली मिळतेय. 

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, "कशाला एवढा ताण घ्यायलीस? पोरीनं बघितलंय ना सगळं." परभणीचा माणूस, मशीन दुरुस्तीला असतो. त्याच्या कामात बिघाड झाल्यावर धावायचं असतं. माझ्या कामात व्हायच्या आधी घाबरायचं असतं. त्याला कसं कळणार?

फॉर्मचा शेवटचा दिवस गुरुवारीच यावा की नाही? नाही, बुधवारी आला. लेकीनं यादी भरून नुसती सेव्ह करून ठेवली होती, संध्याकाळी सगळे मिळून एकदा वाचू आणि पक्की करू म्हणाली. पक्की करायला ओटीपी लागतो, आणि तो यायचा माझ्या फोनवर. दुपारी ती बापाबरोबर पिंपरी कॅम्पच्या बाजारात गेली होती. त्याची त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती, ती बदलून घेतली होती. मी चाकणला.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन उघडला. साइट नुसती गरगरत होती. शेवटचा दिवस, सगळा महाराष्ट्र तिच्यावर चढलेला. संध्याकाळी बंदच पडली तर? मी डबा तसाच पुढे सरकवला. समोर आमच्या स्टोअरचे काका डबा खात होते. निवृत्तीला आलेले, मला सगळं काम त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी विचारलं, "काय झालं ताई?" मी सांगितलं. ते म्हणाले, "जे नक्की मिळणार आहे ते कितवं टाकलंय?"

"नववं."

काकांनी घास हातातच ठेवला. "अहो ताई, तुम्ही स्टोअरच्या ना? जो आधी स्लिप टाकतो त्याला माल. तुमची पोरगी आठ खिडक्या फिरून नवव्या खिडकीवर येईस्तोवर तिथला माल शिल्लक राहील का?"

वाचणाऱ्याला यातली चूक लगेच दिसेल. ती पद्धत खिडकीसारखी नसतेच. मार्क ज्याचे जास्त, त्याचा हक्क आधी, मग त्यानं ते नाव पहिलं लिहिलेलं असो की शंभरावं. लेकीनं मला हे दोनदा समजावलं होतं. "मम्मी, खाली लिहिलं म्हणून हक्क जात नाही. म्हणून जे हवं ते वर." मी मान डोलावली होती. पण अठरा वर्षं ज्या खिडकीच्या आत बसले, ती माझ्या डोक्यातून कशी जाणार? उशिरा आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवताना मीच तर बघत आलेय. आणि आमचा दुसरा नियम: आधी मिळेल त्या मालावर लाइन चालू ठेवा, चांगला माल आला की बदलू. पुढे प्रवेशाच्या अजून फेऱ्या होत्याच की. पहिल्या फेरीत हातात काहीतरी येऊ दे, मग वरचं बघू.

मी नववं नाव उचलून पहिलं केलं. बाकी यादी तशीच ठेवली. ओटीपी आला. टाकला. हिरवं टिकमार्क आलं. आणि काय सांगू, इतक्या दिवसांनी मला कडकडून भूक लागली. मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी घरी आले तर हॉलमध्ये एक मोठी निळी बॅग उभी. चाकांची. आतले कागदाचे बोळे अजून तसेच. "हॉस्टेलला लागेल ना," नवरा म्हणाला. लेक ती बॅग दारापासून गॅलरीपर्यंत ओढून बघत होती, चाकांचा आवाज येतो का. मग म्हणाली, "चल मम्मी, करूया पक्का फॉर्म?"

"मी केला दुपारीच. साइट बसत होती गं."

"क्रम नाही ना बदललास?"

मी ओट्याकडे वळले आणि म्हटलं, "नाही. आहे तसाच."

का बोलले असं? स्वतःशी म्हटलं, आठ नावं तर आहेत तशीच. पण खोटं ते खोटंच. तिच्याकडे पाठ करून बोलले, यातच सगळं आलं.

दुसऱ्या दिवशीची सुट्टीही पोटभर जेवून गेली. शुक्रवारी लॅबमधले सर स्टोअरला आले, हातमोजे न्यायला. "भरला का मॅडम फॉर्म? वर आमचंच कॉलेज ना?" मी कसंनुसं हसले. ते सहज म्हणाले, "वर स्वप्नच ठेवायचं असतं. पहिल्या नंबरचं मिळालं की सीट आपोआप पक्की होते, मग पुढच्या फेऱ्या नाहीत. नको म्हटलं तरी फेऱ्यांतून बाहेर."

हातमोज्यांची जोडी माझ्या हातात तशीच राहिली. सर म्हणाले, "मॅडम?" मी जोडी दिली, सही घेतली. सही कुठे घेतली ते मला आठवत नाही.

निकालाला सहा दिवस होते. मी गुपचूप साइट उघडून पाहिली, यादी आता कुलूपबंद. हेल्पलाइनला फोन लावला, लागला तेव्हा तिकडची मुलगी म्हणाली, मुदत संपली मॅडम. ते सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आधी मी भीत होते, काहीच मिळणार नाही म्हणून. आता भीत होते, मिळणार म्हणून. हमखास मिळणारं कॉलेज मीच निवडून वर ठेवलेलं. देवापुढे उभी राहिले तर मागू काय? माझ्या पोरीचा नंबर लागू नये, असं कुठली आई म्हणते? मी म्हटलं. हात जोडून, डोळे मिटून म्हटलं. तिकडे लेक बॅगेत काय काय भरायचं याची यादी करत होती आणि तो तुटका गिअर न्यावा की जड होईल, हे बापाला विचारत होती. मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. रोज डबा उचलून कंपनीत निघून जायची.

निकाल लागला तेव्हा आम्ही तिघं घरात होतो, गुरुवारची दुपार. तिनं फोन उघडला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"पसंती क्रमांक एक," ती म्हणाली. "हे तर नववं होतं."

नवरा म्हणाला, "साइटनं काही घोळ केला का?" तो बिचारा खरंच साइटवर चिडायच्या तयारीत होता. लेकीनं मात्र माझ्याकडे पाहिलं. शंभर माणसं खिडकीकडे बघतात तेव्हा मला जे व्हायचं, ते या दोन डोळ्यांपुढे काहीच नव्हतं.

"मी बदललं," मी म्हटलं. "मला वाटलं काहीच मिळालं नाही तर. तू घरी बसशील. मला फार भीती वाटली गं."

ती ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल असं वाटत होतं. तिनं फोन माझ्यापुढे धरला. तिनं तोवर दुसरं पान काढलं होतं, विदर्भातल्या कॉलेजचं. शेवटची सीट ज्याला मिळाली, त्याचा आकडा हिच्यापेक्षा कमी होता. थोडा नाही, चांगला कमी. त्या वर्षी आकडे घसरले होते.

"तुझी लाइन नाही थांबली, मम्मी," ती म्हणाली, आणि आत गेली.  नवऱ्यानं उठून निळी बॅग उचलली आणि माळ्यावर सरकवली.

शुक्रवारी सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "मॅडम, आज लाइन थांबणार?" मी हातातला स्टॉकचा कागद उलटसुलट करत राहिले. सगळे बघायला लागले. शेवटी काकांनीच माझ्या वतीनं उत्तर दिलं. काकांना मी काही सांगितलेलं नाही. ते अजून विचारतात, "झालं ना ताई, मिळालं ना?" आणि मी हो म्हणते.

सीट घ्यायला आम्ही तिघं गेलो. तीच इमारत, पंधरा मिनिटांवर. एक वर्ष थांबते, असं ती म्हणू शकली असती, पण म्हणाली नाही. वर्षभर घरात बसलेल्या ज्या पोराच्या भीतीनं मी हे केलं होतं, त्याची गोष्ट तिलाही माहीत होती. तुटका गिअर तिनं घरीच ठेवला होता, कागदांवर. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे केला. नाव, पत्ता, सगळं तिनं स्वतःच्या हातानं भरलं. खाली एक रकाना होता, पालकांचा मोबाइल नंबर. बाई म्हणाल्या, "सगळे मेसेज आणि ओटीपी यावरच येतील हं, नीट लिही."

मी सवयीनं पर्समधून फोन काढला. नंबर तिला पाठच आहे, पहिलीपासून शाळेच्या प्रत्येक कागदावर माझाच नंबर आहे. तिनं पेन जरा थांबवलं, मागे वळून बापाला विचारलं, "पप्पा, तुमचा शेवटचा आकडा चार ना?" आणि त्याचा नंबर लिहिला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मी फोन परत पर्समध्ये ठेवला. बरोबर केलंस बाळा, मी मनात म्हटलं. मीही तसंच केलं असतं.